आमच्या गड्याचे मत

रत्नागिरीकडच्या आंबा बागांचे राखणदार आता बरेचसे नेपाळी. आमचा गडीही तिकडचाच. सप्टेंबर २०२५मध्ये काठमांडू पेटले, तेव्हा तो रेंजसाठी गडग्यावर चढून बसायचा. घरी फोन लागेना. २००८ साली राजेशाही गेली, पण तेव्हापासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षे पुरी केली नाहीत. पंतप्रधान ओली गेल्यावर माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान म्हणून आल्या आणि ५ मार्च २०२६ ही मतदानाची तारीख ठरली. मला तरी हे आशेचे वाटते. परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाची सोय करा, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच सांगितले होते. ती असती तर बरे झाले असते. गडी मत द्यायला ऐन हंगामात रजा मागतोय. दिली. राखणीला मी जाईन, माकडे आली तर बघू.

– एक बागायतदार, रत्नागिरी