फुलदाणीने फ्लॅट विकला जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर चटकन विकण्यासाठी ते कसे सजवावे, यावरचे लेख हल्ली वास्तुविषयक पुरवण्यांत वरचेवर दिसतात. फुलदाणी ठेवा, उशांचे अभ्रे बदला, सुगंध दरवळू द्या, असा त्यांतला सूर असतो. पुण्यातल्या वीस-पंचवीस वर्षांच्या सोसायटीतला फ्लॅट बघायला येणारे कुटुंब मात्र हॉलमध्ये फार रेंगाळत नाही. ते बाथरूमच्या दारात उभे राहून वर छताकडे बघते. सोबत एखादे अनुभवी काका असतील तर बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर टिचकी मारून पोकळ आवाज येतो का, तेही बघतात. सुगंध फार दरवळत असेल तर नेमका कसला वास लपवला असेल, अशी शंका येते ती वेगळीच.

म्हणून पहिला खर्च रंगावर नको, ओलीवर हवा. ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून वर रंगाचे दोन हात मारले, तर पहिल्या पावसातच, कधी त्याच्याही आधी, पोपडे धरतात. पाणी बाहेर पडताना क्षार सोबत आणते आणि ते लांबीला भिंतीपासून सोडवतात. आधी पाणी कुठून येते ते शोधावे. न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू बांधून घट्ट बूच करावे आणि उंबऱ्याच्या आत इंचभर पाणी साठवावे. पातळीवर पेन्सिलीने खूण करून चोवीस तास ठेवावे. शेजारी एका भांड्यात तेवढेच पाणी ठेवले की हवेत किती उडाले तेही कळते. भांड्यापेक्षा फरशीवरचे पाणी जास्त उतरले, तर ट्रॅपभोवतीची किंवा फरशीची सांध गेलेली आहे. खालच्या मजल्यावर आधी कल्पना द्यावी, म्हणजे भांडण टळेल. सांधी खरवडून मोकळ्या कराव्यात, इपॉक्सी भरावे आणि दिवसभर बाथरूम वापरू नये. या सांधी बऱ्याचदा ॲसिडनेच गेलेल्या असतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला लोक ॲसिड ओततात. त्यात डागाबरोबर सांधेतले सिमेंट विरघळते आणि नळाची चकाकीही जाते. डागांना लिंबाचे सत्त्व कोमट पाण्यात कालवून लावले तरी पुरते.

गळती वरून असेल तर सोसायटीला लेखी कळवून एकत्र पाहणी करून घ्यावी. गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची गळती काढणे हा सोसायटीचा खर्च. संडास, बाथरूम, सिंक यांची गळती संबंधित सभासदांकडे. हे सोसायट्यांच्या आदर्श उपविधीतच (नमुना नियमांत) आहे, त्यावर वाद घालण्यात महिने घालवू नयेत.

गळती थांबली तरी भिंत सुकायला काही आठवडे लागतात. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक दिवस ठेवा. आतून दव धरले तर रंगाऱ्याला अजून बोलावू नका. रंग सगळ्या घराला एकच, फिकट असावा. ओलीचीच तेवढी भिंत रंगवली की ती बोट दाखवून स्वतःच सांगते. वास जायला पंधरा दिवस मध्ये सोडावेत.

मुले अमेरिकेत आणि फ्लॅट कोथरूडला बंद, अशी घरे आता बरीच विक्रीला येतात. त्यांचा दोष निराळा. न्हाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभे असते आणि तेच ड्रेनेजची घाण हवा अडवते. घर बंद राहिले की हे पाणी आटते. मग दार उघडल्याबरोबर दुर्गंधी, पाठोपाठ झुरळे. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी आठवड्याला प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी ओतावे. जास्त दिवस जाणार असतील तर वर चमचाभर गोडेतेल सोडावे, पाणी लवकर उडत नाही. चौकटींना वाळवीची माती दिसली तर ती नुसती झाडून मोकळे होऊ नये. छिद्रे पाडून औषध भरून घ्यावे.

स्वयंपाकघरात लोक सिंकखालची ट्रॉली ओढून बघतात. तिथला तळ फुगलेला असेल तर सगळ्या ट्रॉल्या बदलायची गरज नाही. तेवढाच तळ पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा बसवावा. दिव्यांचेही तसेच. एका खोलीत निळसर पांढरा, दुसरीत पिवळा असेल तर घर कळकट वाटते. सगळीकडे 4000 केल्विनचे, म्हणजे ना निळसर ना पिवळे, बल्ब लावले की काम झाले. माळा आणि बाल्कनी रिकामी करावी, पण बेडरूममधला पलंग राहू द्यावा. रिकाम्या खोलीत पलंग मावेल का याचा अंदाज कुणालाच येत नाही आणि ती उगीच लहान वाटते.

घर पसंत पडल्यावर व्यवहार अडतो तो कागदांत, आणि सजावटीचे लेख त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पहिल्या बिल्डरपासूनचे सर्व नोंदणीकृत करारनामे, सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा), भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), भोगवटा पत्र (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट), मिळकत कराची आणि सोसायटीची शेवटची पावती ही फाइल जाहिरात देण्याआधी लावावी. कर्ज असेल तर बँकेकडून थकबाकीचे आणि ठेवलेल्या कागदांच्या यादीचे पत्र घ्यावे. भागपत्र दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर नॉमिनी म्हणून आईचे नाव लागले म्हणजे ती एकटी मालक झाली, असे नाही. सर्व वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागते. परदेशातल्या भावाचे मुखत्यारपत्र तिथे साक्षांकित होऊन आले, तरी इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. विकणारा अनिवासी असेल तर 50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारातली नेहमीची एक टक्का करकपात (टीडीएस) लागू होत नाही. त्याच्या बाबतीत रक्कम लहान असली तरी कपात होते आणि तीही कितीतरी मोठी. ती कमी करून देणारा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागवावा.

बाल्कनी आत घेतली असेल किंवा हॉल-किचनमधली भिंत पाडली असेल, तर बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊनच येतो. हे खरेदीदाराला आधी सांगितलेले बरे. क्षेत्रफळाचेही तसेच. करारात 55 चौरस मीटर असेल तर ते 592 चौरस फूट होतात. ‘सुपर बिल्टअप’ (जिना-लॉबीचा वाटा मिळवलेले क्षेत्र) धरून 800 सांगू नयेत. मोजपट्टी सगळ्यांकडे असते.

हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीत सोसायटीला जास्तीत जास्त 25 हजार रुपये अधिमूल्य (ट्रान्स्फर प्रीमियम) घेता येते. तसे 9 ऑगस्ट 2001 चे शासन परिपत्रक आहे. ‘स्वेच्छा देणगी’च्या नावाने त्याहून जास्त मागणी झाली की नवा सभासद आणि विकणारा दोघेही लटकतात. म्हणून समितीशी बोलणे लवकर सुरू करावे.

जाहिरात जानेवारी-फेब्रुवारीत दिली तर शाळा सुरू होण्याआधी ताबा देता येतो. पितृपक्षात विसार मिळेल ही आशा धरू नये. आणि विसार घेताना पावतीवर रकमेखाली गिझर, पंखे, इन्व्हर्टर, ट्रॉल्या, जाळीच्या खिडक्या यांतले काय राहणार आणि काय काढून नेणार, ते ओळीने लिहावे. ताब्याच्या दिवशी झुंबरावरून तंटा झालेले व्यवहार थोडेथोडके नाहीत.

आपला,
जुन्या सदनिकांच्या खरेदी-विक्रीच्या कामातील एक वाचक, पुणे