चौकट भिंतीत जाण्याआधी

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "पुढच्या आठवड्यात खिडक्या-दारं येतायत बाबा, बसवली की सुटलो." तेव्हापासून मनात घोळतंय. फोनवर सगळं सांगता येणार नाही आणि सांगितलं तरी तुझ्या लक्षात राहणार नाही, म्हणून लिहून पाठवतोय. हा कागद घडी करून पिशवीत ठेव आणि साइटवर जाशील तेव्हा काढून बघ.

आपल्या पहिल्या घराचं मधल्या खोलीचं दार तुला आठवत असेल. पावसाळ्यात ते फरशीला घासायचं आणि उघडायला तू पाठ लावून ढकलायचीस. दर वर्षी सुतार यायचा, खालून रंधा मारायचा, दोन महिने बरं चालायचं. उन्हाळ्यात मग खाली इतकी फट पडायची की वाऱ्याबरोबर पाचोळा आत यायचा. सहाव्या वर्षी एक म्हातारे सुतार आले. त्यांनी दाराला हातसुद्धा लावला नाही. चौकटीला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला आणि म्हणाले, "दार चांगलं आहे, चौकट कलली आहे." बिजागरीच्या बाजूचा उभा, म्हणजे चौकटीचं उभं लाकूड, वरपासून खालपर्यंत १२ मिलिमीटरने बाहेर होता. आम्ही सहा वर्षं दार तासत राहिलो, आणि दोष होता भिंतीत चिणलेल्या चौकटीचा. घर घेताना मी पॉलिश बघितलं होतं, कड्या बघितल्या होत्या, कुलपाची किल्ली दहा वेळा फिरवून बघितली होती. चौकटीकडे पाहायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की दोन्ही बाजूंनी प्लास्टर चढायच्या आधीचा एक दिवस तुझ्या हातात असतो. त्या दिवशी चौकट सैल करून सरळ करणं अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर तीच चूक काढायला भिंत फोडावी लागते.

माल आला की लगेच बसवायला देऊ नकोस. आधी भिंतीतली मोकळी जागा माप. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घे, उंचीही तीन ठिकाणी घे, आणि त्यातलं सगळ्यात लहान माप खरं मान. गवंड्याने कितीही जपून बांधलं तरी तिन्ही मापं क्वचितच सारखी येतात. चौकट त्या लहान मापापेक्षाही थोडी कमी हवी, म्हणजे चारही बाजूंनी ५ ते १० मिलिमीटर जागा सुटेल. ही जागा बघून काही जण म्हणतात की माल लहान आला. तसं नसतं. दोन मीटर लांबीचं अॅल्युमिनियम ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ २ मिलिमीटर लांबतं, आणि यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांचं कडक प्लॅस्टिक, त्याच्या दुपटीहून जास्त. जागाच ठेवली नाही तर ते लांबून जाणार कुठे? मधे फुगतं आणि झडप अडकायला लागते.

चौकट उभी केली की ओळंबा सोड, पण एका अंगाने पाहून थांबू नकोस. समोरून पाहा आणि बाजूनेही पाहा. चौकट डावी-उजवीकडे सरळ असून पुढे-मागे कललेली असू शकते, आणि ओळंबा एकाच अंगाने धरला तर ते कळत नाही. मग आडव्या पट्टीवर पाणसळ ठेव, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की पट्टी सपाट आहे. त्यानंतर टेप घेऊन कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही कर्ण मोज. ९०० बाय २१०० ची चौकट असेल तर दोन्ही कर्ण साधारण २२८५ मिलिमीटर यायला हवेत. आकड्यापेक्षा दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो, त्याहून जास्त असेल तर चौकट गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत. शेवटी दोन दोऱ्या घेऊन त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना ताणून बांध. मधे जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे नुसत्या टेकल्या पाहिजेत. मधे अंतर राहिलं, किंवा एकीने दुसरीला दाबलं, तर चौकटीला पीळ आहे. पिळाच्या चौकटीत दार वर टेकतं आणि खाली उघडं राहतं, मग तू कुलूप कितीही महागाचं लाव. ही दोऱ्यांची युक्ती मला त्याच म्हाताऱ्या सुतारांनी दाखवली आणि मी ती तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी वापरतो.

चौकट पक्की करताना पाचरी, म्हणजे चौकट आणि भिंतीमधल्या फटीत ठोकायचे तुकडे, फक्त स्क्रूच्या जागी आणि जिथे भार येतो तिथेच असाव्यात. पहिला स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५० ते २५० मिलिमीटरवर, आणि दोन स्क्रूंमध्ये ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. पाचर न देता स्क्रू आवळला तर चौकट भिंतीकडे ओढली जाते आणि आधीचं सगळं मापन फुकट जातं. म्हणून स्क्रू आवळून झाल्यावर ओळंबा आणि कर्ण पुन्हा एकदा बघ. फोम भरणार असतील तर चौकटीच्या आत आडवे टेकू लावायला सांग. फोम नळीतून निघाल्यावरही फुगत राहतो आणि उभे आत ढकलतो. फोमवर चौकट उभी राहते असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तो पोकळी भरतो, पकडून ठेवायचं काम स्क्रूचंच. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो, त्यामुळे बाहेरून उघडा सोडायचा नाही.

आता पाण्याविषयी. आपल्या दुसऱ्या घरात सरकत्या खिडकीतून पाणी यायचं. तुझी आई रात्री दोन-दोन वेळा उठून कट्ट्यावर जुन्या चादरी पिळून ठेवायची. बसवून देणारा माणूस तीनदा येऊन आतून सिलिकॉनचा थर चढवून गेला. नंतर मी स्वतः बाहेरून शिडी लावून पाहिलं. रुळाच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने लांबट भोकं असतात, ती त्याने सिलिकॉनने बुजवली होती. भोकातून पाणी ठिबकताना दिसलं म्हणून तीच गळकी जागा समजून बंद केली. खरं तर सरकती खिडकी बनवतानाच धरलेलं असतं की वाऱ्याच्या दाबाने थोडं पाणी रुळात शिरणार. ते त्या भोकांतून बाहेर पडावं अशी सोय असते. भोकं बंद झाली की पाणी रुळात साचतं, आतल्या कडेवरून उसळतं आणि घरात येतं. मी चाकूने भोकं मोकळी केली आणि त्या पावसाळ्यात चादरी लागल्या नाहीत. आईची ती सगळी जागरणं माझ्या अजून मनाला लागून आहेत.

तेव्हा प्रत्येक खिडकीच्या रुळात पेलाभर पाणी ओतून बघ. ते लगेच बाहेरून वाहायला हवं. प्लास्टर करताना त्याच भोकांत सिमेंट जातं, त्यामुळे प्लास्टरनंतर ही तपासणी परत कर. बाहेरच्या कट्ट्याला बाहेरच्या दिशेने उतार हवा, आणि त्याची कड भिंतीपुढे येऊन खालच्या बाजूने एक बारीक खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथून तुटून खाली पडेल. चौकट आणि भिंतीच्या सांध्यात सिलिकॉन भरण्याआधी मागे फोमची गोल दोरी दाबून बसवायला सांग. सिलिकॉन दोनच बाजूंना चिकटलेलं असेल तर ताणलं जातं. मागच्या बाजूलाही चिकटलं की सांधा हलताना फाटतं. ओल्या किंवा धुळकट भिंतीवर ते धरतच नाही, एवढं लक्षात ठेव.

सगळं वाळल्यावर बाहेरून पाण्याची नळी मार आणि आत कुणाला तरी टॉर्च घेऊन उभं कर. सुरुवात खालच्या सांध्यापासून. पाच मिनिटं तिथे, मग बाजू, सगळ्यात शेवटी वरचा सांधा. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि गळती नेमकी कुठली ते कळणार नाही.

लाकडी दारं आली की आधी वरची आणि खालची कड बघ. रंगारी तिथे ब्रश नेत नाहीत, कारण ती दिसत नाही. पण लाकडाचे रेशे तिथेच उघडे असतात आणि ओल तिथूनच शोषली जाते. दार टांगण्याआधी त्या दोन्ही कडांना सीलर लावून घे. जड दाराला तीन बिजागऱ्या हव्यात, आणि प्रत्येक भोकात स्क्रू हवा. वरच्या बिजागरीवर ओढ सगळ्यात जास्त येते.

जमिनीलगतच्या काचा आणि बाल्कनीचं सरकतं दार टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेचंच घे. ती फुटली तर धारदार सुळके न होता बारीक तुकडे होतात. काचेच्या कोपऱ्यात तिचा शिक्का असतो, तो शोध. शिक्का दिसला नाही तर विचार. आणि अशी काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून मापं आधीच पक्की कर. ग्रिलमधल्या गजांत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नकोस, आपला छोटा आता सगळीकडे डोकं घालतो. पण निजायच्या प्रत्येक खोलीत ग्रिलचा एक भाग आतून, हाताने, किल्लीशिवाय उघडणारा हवा. आग लागली तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशीच कडी लाव. तू अडीच वर्षांची असताना आतून कडी लावून घेतली होतीस. पाऊण तास मी दाराला तोंड लावून तुझ्याशी बोलत बसलो होतो आणि शेजारच्यांनी झरोक्यातून हात घालून काठीने कडी सरकवली. तुला काही आठवत नाही, मला ते दार अजून दिसतं.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी अंधार पडल्यावर एकदा जा. आत टॉर्च लावून चौकटींभोवती फिरव आणि बाहेर कुणाला तरी प्रकाश दिसतो का ते बघायला सांग. कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लाव. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथली रबरपट्टी दाबली जात नाही. प्रत्येक दार अर्धं उघडून सोड, आपोआप सरकलं तर चौकट कललेली आहे. अॅल्युमिनियमवरची प्लॅस्टिकची फिल्मही काम संपताच काढ. उन्हात ती करपते, मग खरवडून काढावी लागते.

गवंड्याला आत्ताच फोन करून सांग की खिडक्या बसल्यावर तू बघितल्याशिवाय प्लास्टर चढवायचं नाही. तो कुरकुर करेल, करू दे. आणि प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून मला पाठव, एका कागदावर खोलीचं नाव आणि दोन आकडे, बस. मी इथे बसून बघतो. एखादीत फरक जास्त वाटला तर पहिल्या गाडीने ओळंबा घेऊन येतो.

तुझा,
बाबा