ईओडी म्हणजे नेमका कुणाचा दिवस?

पुणे

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी ऑफिसच्या मेलमधल्या संक्षेपांची यादी हवी, म्हणजे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पोरं गांगरणार नाहीत, असं तू लिहिलंस. लगेच यादी करायला बसले. पीएफए म्हणजे प्लीज फाइंड अटॅच्ड, सोबत फाइल जोडली आहे. एफवायआय म्हणजे फक्त माहितीसाठी, आपण काही करायचं नाही. ओओओ म्हणजे आउट ऑफ ऑफिस, माणूस जागेवर नाही. इथवर सरळ चाललं. मग केटीपाशी आले आणि हात थांबला.

तुझ्या वर्गात केटीचा अर्थ सांगावा लागत नाही. एटीकेटी, अलाउड टू कीप टर्म्स, विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं. निकालाच्या दिवशी आपल्या होस्टेलवर हा शब्द किती जड असायचा, आठवतंय ना? आता सांगलीचा एखादा मुलगा हिंजवडीत रुजू होतो आणि पहिल्याच सोमवारी त्याला मेल येतो की तुझी केटी आजपासून सुरू. इथे केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जुना माणूस हातातलं काम नव्याला समजावून देतो ते. पीएलचंही तसंच. कॉलेजात परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, कंपनीत प्रिव्हिलेज लीव्ह, म्हणजे कमावलेली हक्काची रजा. हे दोन अर्थ त्याला चार दिवसांत कळतील, त्यानं फारसं बिघडणार नाही. बिघडतं कुठे, तर दोन्ही अर्थ एकाच ऑफिसात आणि एकाच मेलमध्ये चपखल बसतात तिथे.

माझा भाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्यांच्याकडे एसओपी म्हणजे स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर, मशीनपाशी लावलेला कामाच्या पद्धतीचा कागद. आणि एसओपी म्हणजे स्टार्ट ऑफ प्रॉडक्शन, नव्या गाडीचं नियमित उत्पादन सुरू होण्याची तारीखसुद्धा. ‘एसओपीला उशीर का?’ असा एका ओळीचा मेल आला तर एक कागद राहिलाय की अख्खा प्रकल्प लांबलाय, हे मेल वाचून कळत नाही. पीआर म्हणजे खरेदी विभागात पर्चेस रिक्विझिशन, खरेदीची मागणी, आणि आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत पुल रिक्वेस्ट, केलेला बदल मुख्य प्रोग्रॅममध्ये घ्या अशी विनंती. पीओ म्हणजे कधी पर्चेस ऑर्डर, कधी प्रॉडक्ट ओनर, प्रॉडक्टमध्ये काय हवं ते ठरवणारा, म्हणजे एकदा कागद आणि एकदा जिताजागता माणूस.

खरी गोष्ट सांगते. मागे आमच्या टीममध्ये लातूरची एक मुलगी रुजू झाली. हुशार, शब्द न् शब्द वाचून काम करणारी. तिनं प्रोग्रॅममध्ये केलेल्या एका बदलाविषयी वरिष्ठांचा मेल आला. त्यात दोन प्रश्न होते आणि शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट बाय ईओडी’, म्हणजे दिवस संपायच्या आत. आपल्याकडच्या ऑफिसांत रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. पण आमचं सगळं काम गिटवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि गिटमध्ये रिव्हर्ट ही चक्क आज्ञा आहे, केलेला बदल उलटवण्याची. तिनं बदल उलटवला. चाचणी करणाऱ्यांचं काम अडलं आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांदेखत तिला ऐकवलं गेलं, एवढं साधं इंग्रजी कळत नाही का?

मित्रा, मला त्या वाक्याचा आजही राग येतो. पूर्ववत होणं हाच रिव्हर्टचा शब्दकोशातला मुख्य अर्थ आहे, आणि त्या खोलीतला प्रत्येक जण रोज तोच शब्द त्याच अर्थानं वापरत होता. चूक वाचणारीची नव्हती, लिहिणाऱ्याची होती. मी तिथेच तसं बोलले. कुणी वाद घातला नाही, पण तिची माफीही कुणी मागितली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती मुलगी प्रत्येक मेल आधी मला दाखवायची आणि मगच कामाला हात लावायची.

त्याच मेलमधलं ईओडी घे. एंड ऑफ डे, पण कुणाचा दिवस? न्यूयॉर्कच्या ग्राहकानं संध्याकाळचे ५ धरले, तर पुण्यात तारीख बदललेली असते. उन्हाळ्यात रात्रीचे २.३० आणि हिवाळ्यात ३.३०, कारण मार्च ते नोव्हेंबर तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात. पुण्यातली मुलगी निघायच्या वेळेचे ६ धरते आणि धावतपळत अर्धवट काम पाठवते, किंवा कुणी अमेरिकेची वेळ धरून रात्र जागवतो आणि सकाळी कळतं की साहेबांना ते काल संध्याकाळीच हवं होतं. पुढे आयएसटी, म्हणजे इंडियन स्टँडर्ड टाइम, लिहिलं की प्रश्न सुटला असं वाटतं, पण डब्लिनमधले लोक उन्हाळ्यात त्यांच्या वेळेलाही हीच तीन अक्षरं लावतात आणि इस्रायलमध्येही ती चालतात. म्हणून मी ‘पुण्याच्या घड्याळानं संध्याकाळी ६’ असं सरळ लिहिते. तारखेचंही तेच. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. यावर आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ते नको असेल तर महिना अक्षरांत लिहावा, काम भागतं.

दुहेरी अर्थाचे शब्द आपल्याकडेही आहेतच. परवा हा गेलेलाही असतो आणि येणाराही. पण ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यात कधी घोटाळा होत नाही, क्रियापद सांभाळून घेतं. ‘स्टेटस, ईओडी, प्लीज’ एवढ्याच तुकड्यात सांभाळून घेणारं काही नसतं.

संक्षेपांशी माझं वैर नाही. या पत्राच्या माथ्यावर मीही स. न. वि. वि. लिहिलंय आणि तू ते सप्रेम नमस्कार विनंती विशेष असं मनात वाचलंही असशील. ती., चि., ता. क. ही सगळी अक्षरं आपल्याला घरच्या पत्रांतून आणि शाळेत पत्रलेखनाच्या तासाला शिकवली गेली. इथे पुण्यात अप्पा बळवंत चौकाला एबीसी म्हणतात. बाहेरगावचा विद्यार्थी पुस्तकं कुठे मिळतील असं विचारतो, कुणीतरी एबीसीत जा म्हणतं, तो विचारतो हे कुठे आलं, आणि त्याला रस्ता सांगितला जातो. रस्त्यात विचारायला लाज वाटत नाही. ऑफिसात वाटते. वीस-पंचवीस जण सीसीत असलेल्या मेलवर ‘याचा अर्थ काय?’ असं विचारायची नव्या मुलाची छाती होत नाही. त्यातून तो मराठी माध्यमातून आलेला असेल तर त्याला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे कळत नाही. तुझ्या मुलांना हे पहिल्या दिवशी सांग, की हे इंग्रजी नाहीच. ती त्या त्या ऑफिसची बोली आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही आमच्या टीमचे निम्मे संक्षेप कळणार नाहीत.

‘काइंडली डू द नीडफुल’वर तू मागे चिडून लिहिलं होतंस, ही साहेबाची गुलामी म्हणून. तिथे मी तुझ्याशी सहमत नाही. आपल्या सरकारी पत्रांतलं ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ हे वाक्य शुद्ध मराठी आहे आणि त्यातही कुणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत करायचं, तिन्ही गायब. भाषा बदलून हा रोग जात नाही. असं वाक्य लिहिणारा मोकळा होतो आणि काम झालं नाही की शेवटचा मेल ज्याच्याकडे गेला तो धरला जातो. तो बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात नवा माणूस असतो.

ज्यांना अनोळखी माणसांबरोबर काम करायचं होतं त्यांनी ही काळजी कशी घेतली, ते वर्गात दाखवता येईल. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात त्यांतला आरएफसी २११९ हा मार्च १९९७ चा दस्तऐवज जेमतेम तीन पानांचा आहे. मस्ट, शुड, मे असे रोजचे शब्द घेऊन त्यांचे अर्थ त्यात बांधून दिलेत. मस्ट म्हणजे सक्ती. शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा नीट विचार केला असेल तरच सोडता येईल. मे म्हणजे पूर्ण ऐच्छिक. नंतरचे कितीतरी दस्तऐवज सुरुवातीलाच सांगतात की हे शब्द इथे त्याच अर्थानं वाचा. देशोदेशीच्या, एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या लोकांची यंत्रं आपसात बोलायची तर शब्दांची अशी बांधणी करावीच लागते. माणसांनी आपसात बोलायलाही ती हवी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून नुसती यादी देऊ नकोस, दोन तास काढ. एका तासात त्यांना विचारायला शिकव, पण कोरा प्रश्न नको. ‘ईओडी म्हणजे आज पुण्याचे संध्याकाळचे ६ असं धरून चालते, वेगळं असेल तर कळवा’, असं आपला अंदाज सांगून विचारायचं. असं विचारणारी मुलगी कुणाला अडाणी वाटत नाही आणि उत्तर नाही आलं तरी काय धरून काम केलं याची नोंद राहते. दुसऱ्या तासात लिहायला लाव. संक्षेप पहिल्यांदा आला की पूर्ण रूप लिहायचं, कामापुढे करणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहायची. आमच्या टीमच्या मेलमध्ये मी हे धरून बसते. काही जण वैतागतात, वैतागू देत.

यादी सोबत जोडली आहे. माझ्याकडचे अर्थ सॉफ्टवेअर कंपनीतले आहेत, तेव्हा वाटण्याआधी चाकण-रांजणगावला लागलेल्या तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांना दाखव आणि त्यांच्या कारखान्यातले अर्थ शेजारी भरून घे. मुलांनी सरावासाठी लिहिलेले मेल मला धाड, मी प्रत्येक वाचून परत पाठवीन. काकूंना नमस्कार.

तुझी मैत्रीण