संख्याशास्त्राच्या पदवीला गणिताची जोड सक्तीची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की संख्याशास्त्राची चौकशी करणारे विद्यार्थी आणि पालक आता पूर्वीपेक्षा खूप जास्त भेटतात. डेटा सायन्सच्या मागणीमुळे या विषयाकडे मुले वळत आहेत, याचा ज्याने आयुष्यभर हाच विषय शिकवला त्याला आनंदच आहे. पण नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची जी रचना झाली आहे तिच्यात एक मोठी उणीव राहते आहे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी ती वेळीच भरून काढावी, यासाठी हे पत्र.

तीन वर्षांच्या पदवीला आता साधारण 120 ते 132 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले श्रेयांक) लागतात आणि चौथ्या वर्षाच्या ऑनर्सपर्यंत गेले तर 160 ते 176. ही क्रेडिट मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा कितीतरी खणांत वाटलेली असतात. पूर्वी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र घेणारा मुलगा बहुतेक ठिकाणी गणितही घेत असे. तशी गटरचनाच होती. आता मेजर संख्याशास्त्र ठेवून मायनर वेगळाच घेता येतो, आणि तो कोणता मिळणार हे पुष्कळदा महाविद्यालयात कोणते शिक्षक आहेत आणि वेळापत्रक कसे बसते यावर ठरते. म्हणजे कागदावर क्रेडिट पूर्ण होऊन पदवी हाती पडते, पण पदवीच्या वर्षांत लिनिअर अल्जिब्राचा, म्हणजे मॅट्रिक्स आणि समीकरणसंचांच्या गणिताचा, एकही पूर्ण पेपर झालेला नसतो.

याने काय बिघडते? रिग्रेशन, म्हणजे एका राशीचा इतर राशींवरून अंदाज बांधणे, शिकवताना दोन चलांपर्यंत (बदलत्या राशींपर्यंत) सूत्रावर भागते. चल चार-पाच झाले की मॅट्रिक्सशिवाय (आकड्यांच्या चौकटीशिवाय) पुढे सरकताच येत नाही. मॅट्रिक्सचा व्यस्त कोणत्या वेळी निघत नाही, हे ज्याला कळत नाही त्याला दोन चल एकमेकांशी जवळजवळ जुळलेले असताना सगळी उत्तरे डळमळीत का होतात हेही कळणार नाही. संगणक आकडे देतो आणि विद्यार्थी ते उतरवून घेतो. मॅक्झिमम लाइकलिहूडला, म्हणजे हाती आलेल्या माहितीशी सर्वांत जुळणारा अंदाज काढण्याच्या रीतीला, डेरिव्हेटिव्ह लागतो. एका वितरणातून दुसऱ्या वितरणात जाताना दुहेरी इंटिग्रेशन आणि जॅकोबियन लागतो. टी, एफ, काय-स्क्वेअर ही वितरणे कुठून आली हे पाहायचे तर या वाटेने जावेच लागते. ही वाट टाळली की कोणत्या प्रश्नाला कोणती टेस्ट लावायची याचे कोष्टक पाठ करणे एवढेच हाती उरते. अशी पाठांतरे करून प्रथम वर्गात पास झालेली, पण एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात खचलेली मुले मी पाहिली आहेत. ती मंद नव्हती. त्यांना आधी लागणारे गणित कोणी शिकवलेच नव्हते.

कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटकडे पाहा. संख्याशास्त्रज्ञ प्रा. महालनोबिस यांनी 1931 मध्ये स्थापन केलेली आणि 1959 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली ही संस्था. तिथल्या बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीसाठी बारावीला गणित असावे लागते. प्रवेश परीक्षेत संख्याशास्त्र विचारत नाहीत, गणित विचारतात. आत गेल्यावर संभाव्यतेच्या जोडीने अ‍ॅनालिसिस आणि मॅट्रिक्सचे पेपर सुरू होतात. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014 मध्ये पदवी अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत खऱ्या माहितीवर काम करणे, संगणकीय कौशल्य आणि निष्कर्ष नीट मांडता येणे यांवर मोठा भर आहे. तरीही कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्राचा पाया त्यांनी सोडलेला नाही.

पालकांना नोकरीची काळजी असते, म्हणून तेही सांगतो. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी बसता येते. पात्रता एवढीच. पण प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन आहे, सेंट्रल लिमिट थिअरम आहे, न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस आहे. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची तर मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात श्रेणी, डिफरन्शिअल व इंटिग्रल कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स यांना वेगळा वाटा आहे. पात्रता आणि तयारी यांतले हे अंतर मुलाला तिसऱ्या वर्षी कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून संख्याशास्त्र मेजर असणाऱ्याला निदान पहिली दोन वर्षे गणित हाच मायनर सक्तीचा असावा. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली मुले, त्यातही मुली, या विषयाकडे येतात. त्यांना दारातून परत पाठवू नये, असे मला मनापासून वाटते. औषधनिर्माण आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्राला जीवशास्त्र जाणणारे संख्याशास्त्रज्ञ हवेच आहेत. अशांसाठी पहिल्या सत्रात गणिताचा ब्रिज कोर्स (राहिलेला पाया भरून काढणारा अभ्यासक्रम) ठेवावा आणि त्याची क्रेडिट मोजावीत.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले ते गणित हा मुख्य विषय घेऊन. कोल्हापूरचे डॉ. वसंतराव हुजूरबाजार, ज्यांनी 1953 मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला, तेही मुळात गणिताचेच. सुखात्मे यांचे पीक कापणी प्रयोगांवरचे (नमुन्याच्या तुकड्यातली कापणी करून उत्पादनाचा अंदाज काढण्यावरचे) काम तर प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. शेतात अगदी लहान तुकडा आखून कापणी केली तर हद्दीवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. तुकडा किती मोठा असावा यावर त्या काळी मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, सुखात्मे मोठ्या. आज पीक विम्याची भरपाई ज्या उंबरठा उत्पादनाशी (ज्याच्या खाली उत्पादन गेले की भरपाई मिळते) ताडून ठरते, तिथे याच प्रयोगांचा आधार घेतला जातो. चुकीच्या मोजणीची किंमत शेतकरी मोजतो.

आमच्या प्रात्यक्षिकांच्या वहीत मात्र नमुना निवड म्हणजे छापील कोष्टकातले आकडे. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास असतात. त्यांतले थोडे तास विद्यार्थ्यांना कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांबरोबर पीक कापणीच्या शेतावर नेले, तर पूर्वग्रह (मोजणी एकाच बाजूला झुकणे) म्हणजे काय आणि प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की उत्तरात पडणारा फरक) म्हणजे काय हा भेद त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्पासाठी वेगळी क्रेडिट आहेतच. वेगळा निधी लागत नाही, कृषी विभागाशी एक पत्रव्यवहार लागतो.

अभ्यासक्रम फेरतपासणीसाठी येतील तेव्हा अभ्यास मंडळांनी या दोन्ही गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात. तोवर, यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी महाविद्यालयात एवढे जरूर विचारावे: संख्याशास्त्राबरोबर गणित मायनर मिळेल का, आणि ते शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहे का?

आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा