डबा उघडण्याआधी

तासगाव तालुका,
दि. ११ एप्रिल

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मुद्दामच डब्याच्या तोंडाशी ठेवले आहे. फोनवर सांगितले असते, परंतु फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस, तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी होते आणि बोलणे तिथेच राहते. डब्यात नेहमीप्रमाणे दोन किलो बेदाणे, चिंचेचा गोळा, तुझ्या आईने केलेला कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि हळद आहे. दरवर्षी हेच पाठवतो. या वर्षी मात्र तुमच्या घरात बंड्या कुत्रा आला आहे, आणि डबा भरताना माझ्या लक्षात आले की या पाच जिनसांपैकी हळद सोडली तर एकही वस्तू त्याच्या तोंडी लागण्याजोगी नाही.

आधी बेदाण्यांविषयी लिहितो, कारण ते आपल्या घरचे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. तुला आपला कुत्रा मोती आठवत असेल. तू चौथीत होतीस. त्या हंगामात बेदाणे सुकवायच्या शेडवर रॅकखाली पडलेले मणी झाडून एका पाटीत भरून ठेवले होते आणि मोतीने रात्रीतून ती पाटी अर्ध्याच्या वर रिकामी केली. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याने उलट्या केल्या, त्यात न पचलेले बेदाणे तसेच दिसत होते. मग खाणे सुटले, पाण्याच्या भांड्याजवळ नुसता बसून राहू लागला, लघवी कमी होत थांबली, आणि चौथ्या दिवशी तो गेला. तुला आम्ही साप चावल्याचे सांगितले. मी मनात धरले होते ते वेगळेच. खालच्या मळ्यातल्यांच्या कोंबड्या मोतीने महिन्यापूर्वी धरल्या होत्या, म्हणून त्यांनीच काही घातले असावे असे मला वाटले, आणि मी त्यांच्याशी कित्येक वर्षे सरळ बोललो नाही.

द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी प्रथम २००१ साली मांडले. तोपर्यंत मोतीला जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि इथे ते कुणाच्या कानावर यायला आणखी बराच काळ जावा लागला. मला ते सांगितले शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या एका तरुण डॉक्टरांनी, तेही गेल्या वर्षी म्हैस बघायला आले असता शेडवरच्या कुत्र्याला बेदाणे चघळताना पाहून. मोतीची कोणतीही तपासणी झाली नव्हती, त्यामुळे त्याचे नेमके काय झाले हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही; पण त्यांनी जी लक्षणे क्रमाने सांगितली ती ऐकताना मी खाली बसलो. खालच्या मळ्यातले गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी जाऊन सांगितले, तर त्याला ते भांडण आठवतही नव्हते.

आता तुला इथले कोणीही सांगेल की शेडवरची कुत्री जन्मभर बेदाणे खातात आणि त्यांना काही होत नाही. हे खोटे नाही. काही कुत्र्यांना पुष्कळ खाऊनही काही होत नाही आणि काहींना मूठभर पुरते, आणि आपले कुत्रे यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे आधी कळण्याचा उपाय नाही. वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीन ग्रॅम बेदाण्यांनीही अपाय झाल्याची नोंद आहे. बंड्या बारा किलोचा म्हणजे हिशेब पस्तीस ग्रॅमच्या आसपास येतो, तुझ्या मुठीत मावतील एवढे. मला आधी वाटले होते की सुकवण्याआधी आपण द्राक्षे बुडवतो त्या डिपिंग ऑइलचा किंवा पोटॅशियम कार्बोनेटचा हा दोष असेल, परंतु परसात वाढवलेली, औषध न मारलेली ताजी द्राक्षे खाऊनही कुत्री आजारी पडली आहेत, तेव्हा दोष फळातच आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच विषबाधा केंद्रातील पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. द्राक्षाच्या वाणाप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमीजास्त असते, त्यामुळे एका कुत्र्याला बाधते आणि दुसऱ्याला बाधत नाही याचाही काहीसा उलगडा होतो. बेदाणे घातलेला शिरा, खीर, केक आणि तुझ्या त्या सकाळच्या म्यूस्लीचा वाडगा, हे सर्व यातच आले.

याच आम्लामुळे चिंचेचा गोळाही वरच्या फळीवर ठेव. आंबटपणासाठी आपण जी चिंच आमटीत घालतो, तिच्यात टार्टारिक आम्ल भरपूर असते आणि चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडल्याची काही कुत्र्यांची उदाहरणे नोंदली गेली आहेत. चिंचगुळाची आमटी भाताला लावून त्याला घालण्याची सवय लावू नकोस.

कांदा-लसूण मसाल्याविषयी तुझी आई जरा नाराज झाली, कारण तिच्या मते रश्शात कुस्करलेल्या भाकरीवर आपली सगळी कुत्री वाढली. वाढली हे खरे, पण त्यांच्या अंगात रक्त किती होते हे कोणी पाहिले होते? कांदा आणि लसूण यांतील गंधकाची संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने, तळल्याने वा वाळवल्याने ते गुण जात नाहीत. उलट आपला मसाला वाळवलेल्या कांद्याचा, त्यामुळे चमचाभर पुडीत ओल्या कांद्यापेक्षा कितीतरी अधिक अंश उतरतो, आणि लसूण तर वजनाला वजन कांद्याहून तिखट पडते. एकाच वेळी बाधा होण्यासाठी किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कच्चा कांदा लागतो असे धरतात, म्हणजे बंड्याला साधारण दोन मध्यम कांदे. रोज थोडे थोडे जाणे हेही धोक्याचेच आहे. लक्षणे लगेच दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, कुत्रे जिना चढताना थांबते आणि लघवी चहासारखी गडद होते, तोवर आपण काय खाऊ घातले होते हे आपण विसरलेले असतो. शेंगदाण्याच्या चटणीतही लसूण आहेच. त्याच्यासाठी भात किंवा भाकरी आणि उकडलेले चिकन फोडणीच्या आधी बाजूला काढ. चिकन शिजवलेले असेल तर हाडे मात्र काढून टाक, कारण शिजलेले हाड टोकदार फुटते.

तू गुलाबांसाठी एरंडीची पेंड मागितली होतीस, ती मी पाठवलेली नाही. द्राक्षबागेत आपण ती पूर्वी पुष्कळ वापरली, परंतु एरंडाचे विष तेलात उतरत नाही, पेंडीत मागे राहते, आणि कुत्री ती आवडीने खातात. पुढच्या खेपेला गांडूळखत पाठवीन. बोनमील म्हणजे हाडांचा चुराही कुंडीत घालू नकोस, त्याच्या वासाने बंड्या कुंडी उकरून काढील आणि पोटात त्याचा गोळा बसेल. तू पाठवलेल्या फोटोत बाल्कनीत मनीप्लांट आणि डिफेनबेकिया दिसले. ती पाने चावली तर तोंडाची आग होऊन लाळ गळते, जिवावर सहसा येत नाही. माझी चिंता तुमच्या सोसायटीच्या बागेची आहे. फाटकाजवळ सायकस आहे आणि भिंतीकडेने कण्हेर लावली आहे. सायकसच्या बिया यकृत निकामी करतात, कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर काम करतो. तेव्हा त्या बाजूला त्याला दोरीवरच ठेव आणि खाली पडलेल्या काड्या उचलू देऊ नकोस. पावसाळ्यात भेकांपासूनही, म्हणजे त्या खरबरीत कातडीच्या बेडकांपासूनही, सांभाळ.

विहीणबाई जूनमध्ये राहायला येणार आहेत असे तू म्हणालीस. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे साखर नसलेल्या गोळ्या आणि च्युइंगम त्यांच्या पिशवीत असणारच. अशा पदार्थांत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ती एक गोडी, असेल तर ते कुत्र्याला साऱ्या स्वयंपाकघरात सर्वांत लवकर घात करणारे ठरते. माणसाच्या शरीरात त्याने इन्सुलिन फारसे वाढत नाही, कुत्र्याच्या शरीरात एकदम उसळते, आणि अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर इतकी उतरते की ते झोकांड्या खाते किंवा त्याला झटके येतात. बंड्याच्या वजनाला सव्वा ग्रॅम पुरे, म्हणजे काही च्युइंगमांच्या दोन-चार गोळ्याच. पीनट बटरच्या बरणीवर आणि टूथपेस्टवर हे नाव वाचून बघ. त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांबाबतही तसेच: आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. पिशवी खुर्चीवर न ठेवता कपाटात ठेवावी, एवढे त्यांना आदराने सांग. मी सांगितले म्हणून सांग, हवे तर.

चॉकलेटविषयी तुला ठाऊकच आहे, म्हणून एवढेच लिहितो की डार्क चॉकलेट पन्नास ग्रॅमही त्याला अस्वस्थ करण्यास पुरेसे आहे आणि कोको पावडर त्याहून जहाल आहे. मे महिन्यात आंब्याच्या कोयी आणि पावसात मक्याची कणसे कचऱ्याच्या उघड्या डब्यात टाकू नका. ती गिळली जातात, आतड्यात अडकतात आणि मग शस्त्रक्रियेवाचून सुटत नाहीत.

उंदरांच्या औषधाबद्दल सोसायटीच्या सचिवांना विचारून ठेव की तळघरात काय ठेवतात. ब्रोमाडायोलोनच्या वड्या असतील तर कुत्रे तीन ते पाच दिवस अगदी धडधाकट दिसते आणि नंतर आतून रक्तस्राव सुरू होतो. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो. झिंक फॉस्फाइडची काळी पूड असेल तर काही तासांतच विषारी वायू पोटात तयार होतो आणि त्याला उतारा नाही. म्हणून नाव माहीत असणे महत्त्वाचे. वेष्टनाचा फोटो काढून ठेव.

आणि काही खाल्लेच, तर आपल्याकडचे उपाय करू नकोस. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची पद्धत इथे सर्रास आहे, पण त्या मिठानेच कुत्रे दगावू शकते. दूध, ताक, तूप यांनी विष उतरत नाही. फिनेल, रॉकेल किंवा संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड पोटात गेले असेल तर उलटी करवणे म्हणजे घसा आणि फुप्फुसे दुसऱ्यांदा पोळवणे. लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन कर आणि काय खाल्ले, किती, केव्हा, त्याचे वजन किती, हे चार शब्दांत सांग. बेदाणे खाल्ले असतील तर पहिल्या काही तासांत डॉक्टर औषधाने उलटी करवू शकतात आणि पुढे दोन दिवस सलाईन लावून मूत्रपिंडे वाचवण्याचा प्रयत्न करतात. मोतीला आम्ही तेव्हा दुसऱ्या दिवशी एरंडेल पाजले होते. तुमच्या भागात रात्रभर उघडा असणारा पशुदवाखाना कोणता, याचा शोध आजच घे आणि नंबर जावईबापूंच्याही फोनमध्ये घाल.

बेदाणे यंदा रंगाला चांगले उतरले आहेत. झाकणाची बरणी घेऊन त्यात भर आणि वरच्या कपाटात ठेव.

आईचा आशीर्वाद.

तुझे
बाबा

ता. क. डब्याला आईने सुतळीचे चार वेढे घातले आहेत. ती कापल्यावर खाली टाकू नकोस. मसाल्याचा वास लागलेली सुतळी कुत्रे गिळते आणि एक टोक अडकले की आतडे तिच्यावर चुणत जाते. बाहेर लोंबती दिसली तर ओढू नकोस, तशीच ठेवून दवाखान्यात ने.