खण मीच बसवणार आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रेखाटन मिळालं. मापांच्या बाणांची टोकं अजूनही कोरल्यासारखी काढता तुम्ही. हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणाला असता आणि मग दिवसभर गप्प बसला असता, म्हणून लिहितेय. गाडीच्या छतातला चष्म्याचा खण तुमच्या रेखाटनातल्यासारखा प्लायचा, पितळी पट्टी-बिजागरीचा आणि लोहचुंबकाचा करायचा नाही, असं मी ठरवलंय. डँपर, म्हणजे झाकण सावकाश उतरवणारी चकती, आणि कडी मागवली आहे. खण मी इथे तयार करून आणणार आणि मीच बसवणार.

तुमच्या हातच्या कामात उणं आहे म्हणून नव्हे हं. तुम्ही केलेलं ते कपाट अजून उभं आहे, आणखी काय सांगायचं! पण घरातलं कपाट एका जागी उभं असतं. हा खण तुमच्या दोघांच्या कपाळापासून हातभर अंतरावर, खड्ड्यांतून, उन्हातून आणि कधी जोरात ब्रेक लागताना जाणार आहे.

खण हवाच, याबद्दल मात्र वाद नको. परवा आई सहज बोलून गेली की डॅशबोर्डवरचा चष्मा घसरून पायाशी पडला आणि तुम्ही तो पायानेच बाजूला सारलात. बाबा, ब्रेकच्या पेडलखाली चष्म्याची घडी अडकली तर पेडल पूर्ण खाली जात नाही. आणि डाव्या कप्प्याकडे वाकून हात घातला की नजर रस्त्यावरून जाते, शिवाय तुमचा खांदा. आरशाच्या मागे, दिव्याजवळ खण असला की कोपर वाकलेलाच राहतो, मान वळत नाही.

आता तुमच्या चुंबकांबद्दल. चुंबकाची पकड अंतराने फार झपाट्याने उतरते. मध्ये एक मिलिमीटर फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखं मऊ कापड, आलं तरी ती बरीच कमी होते, आणि फेल्ट नसेल तर झाकण खडखडतं. त्यात नेहमीचे निओडिमियम चुंबक साधारण ८० अंशांपर्यंतचेच असतात. छताजवळच्या भागांना ८५ अंशांचा हिशेब धरावा लागतो. चुंबक एकदा त्यापलीकडे तापला की गेलेली ताकद थंड झाल्यावर पूर्ण परत येत नाही. म्हणजे पहिल्या महिन्यात छान चालणारं झाकण उन्हाळा संपता संपता एखाद्या खड्ड्यात आपोआप उघडणार. नुसतं उघडलं तरी चालेल, पण धाडकन पडेल. ९० मिलिमीटर लांबीचं झाकण आडव्या स्थितीतून ६० अंश खाली यायला सेकंदाचा आठवा भागही लागत नाही. चालवणारा दचकतो तो तेवढ्याने.

म्हणून डँपर. आई, तुला एकदा सांगून ठेवते म्हणजे कोणी विचारलं तर तूच सांगशील. रुपयाएवढी प्लास्टिकची चकती असते. आत दाट सिलिकॉन तेल आणि त्यात फिरणारा पंखा. बाहेर छोटं दातेरी चाक. पंखा हळू फिरवला तर तेल वाट देतं, जोरात फिरवला तर अडवतं. त्यामुळे झाकण स्वतःच्याच वजनाने उतरतं, पण सावकाश.

हिशेब असा केलाय, बाबा, तपासून बघा. झाकण आणि त्याला जोडलेला डबा मिळून १२० ग्रॅम, चष्मा ३५, एकूण १५५. वजनाचा मध्य बिजागरीपासून ४५ मिलिमीटरवर. म्हणजे आडव्या स्थितीत ओढ साधारण ६.८ न्यूटन-सेंटिमीटर, ६० अंश उघडल्यावर त्याच्या निम्मी. डँपरचं चाक १० दात्यांचं, मॉड्यूल (दात्यांच्या आकाराचं माप) १, म्हणून त्रिज्या ५ मिलिमीटर. झाकणावरच्या दातेरी कमानीची त्रिज्या ३०. गुणोत्तर ६. झाकण ६० अंश उतरतं तेव्हा डँपरचं चाक बरोबर एक फेरा घेतं. तो फेरा दीड सेकंदात व्हायला हवा, म्हणजे मिनिटाला ४० फेऱ्यांचा वेग. सरासरी ओढ ५.४ धरली तर डँपरवर ०.९ येते. डँपरच्या विरोधाचा आकडा बहुतेक वेळा मिनिटाला २० फेऱ्यांवरचा छापलेला असतो आणि वेग वाढला की विरोध थोडा वाढतो, म्हणून ०.८ चा घेतलाय. हिशेब रिकाम्या झाकणावर करायचा मोह होतो. तसं केलं तर चष्मा ठेवल्यावर झाकण बऱ्यापैकी जोरात येतं, कारण वेग दुप्पट झाला तरी तेलाचा विरोध दुप्पट होत नाही. आधी जड झाकणाचं जमवायचं. रिकामं झाकण जास्त वेळ घेईल तर घेऊ दे.

उन्हात तेल पातळ होतं. भर दुपारी गाडी उघडलीत तर झाकण नेहमीपेक्षा भरभर उतरेल, थंडीत पहाटे रेंगाळेल. बिघाड समजू नका आणि पकडून ओढू तर अजिबात नका. ओढलं की सगळा जोर त्या दहा दात्यांवर येतो आणि एक जरी दात तुटला तरी झाकण मध्येच टकटक करत अडकतं. डँपर एकमार्गी आहे, बंद करताना विरोध जाणवणार नाही. त्यापायी उघडताना पहिले काही अंश झाकण मोकळं येईल, मग धरल्यासारखं होईल. एकमार्गी डँपरमध्ये तेवढी ढिलाई असतेच. कमान आणि चाक यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ३५ मिलिमीटर येतं, मी ३५.१५ ठेवतेय. त्याहून घट्ट केलं तर तापल्यावर दाते रुततात, सैल केलं तर ती ढिलाई आणखी वाढते. शेवटच्या थांब्याला रबराची गुंडी वेगळी आहे, डँपरला थांबा म्हणून वापरायचं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कडीने खाल्ला, आणि तोही तुझ्या अंगठ्यासाठी, आई. कडी दाबून सोडली की उघडते, पुन्हा दाबली की लागते. अशा कडीचा दुबळेपणा हा की गाडी आदळली आणि झाकण वरच्या दिशेने उसळलं, तर कडीला वाटतं कुणीतरी दाबलं. दहापट गुरुत्वाचा धक्का धरला तर १५५ ग्रॅमचा जोर १५ न्यूटनच्या वर जातो. तेवढ्याला कडी सुटता कामा नये, म्हणून स्प्रिंग जड हवी. आणि सकाळी तुझी बोटं आखडलेली असतात तेव्हा जड स्प्रिंग नको. शेवटी कडी झाकणाच्या कडेला न ठेवता आत घेतली, बिजागरीपासून ६० मिलिमीटरवर. तिथे धक्क्याचा जोर साडेअकरा न्यूटन पोचतो आणि कडीची स्प्रिंग १४ ची आहे. तू दाबशील ८५ मिलिमीटरवर, कडेजवळ, तिथे १० न्यूटन पुरतात. एक किलोच्या पुड्याखाली तळहात ठेवल्यावर जेवढं वजन लागतं तेवढंच. बोटाने नाही, तळहाताच्या उशीने दाबायचं. कडेला मी बोटभर रुंद खोलगट पट्टा ठेवलाय, अंधारातही हाताला लागेल. डब्यांची झाकणं तू उघडायचीस आणि मी नुसती बघायचे, आता एवढं तरी माझ्याकडून होऊ दे.

या कडीला सुटण्यासाठी झाकण आधी थोडं आत जावं लागतं. कडीपाशी अडीच, कडेला साडेतीन मिलिमीटर. ती मोकळी जागा लागतेच. बाबा, आवाज येतो म्हणून तिथे फोम चिकटवू नका, मला माहीत आहे तुम्ही चिकटवणार. फोमने जागा भरली की कडी सुटतच नाही, मग माणूस पेचकस घालून झाकण उचकटतो आणि बिजागरीचा कान तुटतो. आतून फेल्ट मी लावून आणतेय. तेलही घालू नका. काही तेलांनी या प्लास्टिकला ताणाच्या जागी बारीक तडे जातात, आणि फेल्ट तेल पितं ते वेगळंच.

खण थ्री-डी प्रिंटरवर ए-एस-ए नावाच्या, ऊन सोसणाऱ्या प्लास्टिकचा छापतेय. नेहमीचं छपाईचं पी-एल-ए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मापं जुळवायला ते चालतं, गाडीत ठेवायला नाही. बिजागरीचे कान वेगळे छापून स्क्रूने जोडणार, कारण थर आडवे आले की कान थरावरच सुटतो. पिन ३ मिलिमीटर पोलादी.

प्लाय का नको ते आता सांगते, आणि वाईट वाटून घेऊ नका. वाहनाच्या आतल्या उठावांसाठी संयुक्त राष्ट्रांचा २१ क्रमांकाचा नियम आहे. त्यात छतातून खाली येणाऱ्या भागाची रुंदी त्याच्या खाली येण्यापेक्षा कमी नसावी आणि कडांची गोलाई किमान ५ मिलिमीटर असावी असं म्हटलंय. कारण उघड आहे, डोकं तिथेच जातं. प्लाय फुटला की फाटा टोकदार निघतो. आपला खण अस्तराखाली २२ मिलिमीटर येतो, १९० रुंद आहे, कडा सगळ्या ६ च्या गोलाईच्या. बिजागरी काचेच्या बाजूला ठेवलीय. त्यामुळे झाकण उघडलं की आतली बाजू तुमच्याकडे तोंड करते, आणि उघडं असताना ब्रेक लागला तर झाकण तुमच्यापासून दूर, पुढे ढकललं जातं. तरी गाडी चालू असताना बंदच ठेवायचं.

बसवायची घाई मी येईपर्यंत करू नका. छताचं अस्तर काही मिलिमीटरचा पुठ्ठ्यासारखा थर असतो, त्याला वजन लटकवलं की ते लोंबतं. खण धरायचा तो अस्तरामागच्या पत्र्याच्या आडव्या पट्टीला, आणि तीही दिव्याच्या मूळ भोकांतून. नवीन भोक पाडायचं नाही. छताचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो आणि लांब स्क्रू खालून टेकला की वरून रंगावर टेंगूळ उठतं. दारांच्या वरच्या कडेला तर हातच लावू नका, तिथे पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर आणि सेन्सरसमोरही काही येता कामा नये.

आता ऐका दोघंही. खणात फक्त चष्मा आणि पावत्या. बाबा, ती जिभेखालची गोळी खणात नाही, खिशातच, तिच्या मूळ बाटलीत. बंद गाडीच्या उष्णतेने ती निकामी होते आणि दिसायला तशीच दिसते. इतर औषधंही नाहीत. लायटर, स्प्रे, पॉवर बँक नाही. गाडी उन्हात लावून उतरताना चष्मासुद्धा बरोबर घ्या, तापून काचांवरच्या लेपाला जाळी पडते. आई, तू मागे लागल्याशिवाय ते करणार नाहीत, म्हणून तुलाच सांगतेय. आणि सुट्टी नाणी खणात टाकू नका, डब्याच्या फटीतून कमानीच्या दात्यांत जातात.

मी लवकर यायला हवं होतं, ते मला कळतं. चष्मा पेडलपाशी पडेपर्यंत थांबायला नको होतं. तोवर चष्मा आईच्या पर्समध्ये, डॅशबोर्डवर काहीही नाही. कबूल?

एक काम मात्र तुमच्याशिवाय होणार नाही, बाबा. मला तीन मापं हवीत आणि ती तुमच्या व्हर्नियर कॅलिपरचीच. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दिवा थंड होऊ द्या, मग त्याचं कव्हर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. पेचकसाने नको, अस्तरावर डाग आणि वळ दोन्ही उमटतात. हात धुऊन बसा. पहिलं माप, दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर. दुसरं, अस्तराच्या खालच्या पृष्ठभागापासून पत्र्याच्या पट्टीपर्यंतची खोली, दोन्ही टोकांना वेगवेगळी, कारण छताला बाक असतो. तिसरं, पट्टीपासून बाहेरच्या पत्र्यापर्यंतची मोकळी जागा. ते व्हर्नियरच्या मागून बाहेर येणाऱ्या खोली मोजायच्या पट्टीने हलकेच घ्या, टेकवा, दाबू नका. प्रत्येक माप तीनदा, आकडे आई लिहील. तुम्ही दोघं गाडीत बसलात की मान वर करायची ती आईने नाही, बाबांनीही फार वेळ नाही. आसन मागे रेलवून घ्या, दहा मिनिटांत उतरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी.

तुमची मापं आली की मी डब्याची मागची भिंत त्या बाकाला जुळवून छापायला लावते. त्याला साधारण अकरा तास लागतात, म्हणून रविवारी दुपारपर्यंत कळवा.

तुमची,
ताई