मेक्सिकन भरली मिरची : जिन्नस बदला, पण भाजणे वगळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी पाककृतींना नियमित जागा मिळते, याचा आनंद आहेच. मात्र अलीकडे 'मेक्सिकन भरली मिरची' या नावाने छापून आलेल्या कृतीविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते. त्या कृतीत ढोबळ्या मिरचीत उकडलेला मका, भात, किसलेले प्रोसेस्ड चीज आणि टोमॅटो केचप भरून, वर ओरेगॅनो भुरभुरून ती ओव्हनमध्ये भाजायला सांगितली होती. असा पदार्थ वाईट लागत नाही, मुले तो आवडीने खातीलही, पण त्याचे नाते मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतील घरगुती जेवणाशी अधिक आहे. माझी तक्रार ढोबळ्या मिरचीबद्दल नाही. मेक्सिकोतील मिरच्या इथल्या मंडईत मिळत नाहीत आणि हाताशी असलेल्या जिनसांवर काम भागवणे हे स्वयंपाकात कमीपणाचे नाही. जे करायला कोणतीही परदेशी वस्तू लागत नाही, नेमके तेच त्या कृतीतून गाळलेले होते, म्हणून हे पत्र.

यजमानांच्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड काही काळ मेक्सिकोतील पुएब्ला शहरात होते. भरल्या मिरचीसाठी तिथे वापरली जाणारी मिरची त्या शहराच्याच नावाने, म्हणजे 'पोब्लानो' म्हणून, ओळखली जाते. ती तळहाताएवढी, खांद्याशी रुंद आणि टोकाकडे निमुळती, रंगाने जवळजवळ काळपट हिरवी असते. तिखटपणा बेताचा असतो, पण एखादी मिरची अनपेक्षितपणे झणका देऊन जाते. तिची साल चिवट असते आणि पोटात कितीही उत्तम सारण भरले तरी ती चावताना तोंडात वेगळी राहते. म्हणून 'चिलेस रेयेनोस', म्हणजे भरल्या मिरच्या, करणाऱ्या कोणत्याही घरात पहिले काम असते ते मिरची थेट आचेवर भाजून सोलण्याचे. आपण भरितासाठी वांगे भाजतो तसेच हे काम आहे, फक्त वांग्याप्रमाणे आतला गर शिजू द्यायचा नाही. आच मोठी ठेवून, मिरची चिमट्याने फिरवत, साल सगळीकडून काळी पडून फुगली की लगेच उतरवायची. गॅसवर पापडाची जाळी ठेवली तर हे सहज होते. गॅस नसेल तर जाड तव्यावर किंवा ओव्हनच्या वरच्या आचेखाली थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

उतरवलेल्या मिरच्या झाकणाच्या भांड्यात किंवा ओल्या फडक्यात दहा-पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवायच्या. त्यांच्याच वाफेने साल सुटते आणि बोटांनी ओढली की निघून येते. आमच्या शेजारच्या बाई इथे एका गोष्टीबाबत फार कडक होत्या. साल लवकर निघावी म्हणून मिरची नळाखाली धरणारा माणूस त्यांच्या मते स्वयंपाकघरातून बाहेर काढण्याच्या लायकीचा. भाजल्याने आलेला वास आणि मिरचीच्या अंगचा रस दोन्ही पाण्याबरोबर वाहून जातात, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरे आहे. सालीचे चार काळे ठिपके राहिले तर राहू द्यावेत. त्यानंतर एका बाजूला उभी चीर द्यायची, ती टोकापर्यंत न्यायची नाही. देठ तसाच ठेवायचा आणि देठाच्या आतल्या बाजूचा बियांचा गठ्ठा अलगद कापून काढायचा. बियांबरोबर आतल्या पांढऱ्या शिराही काढाव्या लागतात. तिखटपणा मुख्यतः त्या पांढऱ्या भागात असतो, बिया केवळ त्याला चिकटून असल्यामुळे तिखट लागतात. हाताला तेल लावून हे काम केले तर नंतर डोळे चोळण्याचा प्रसंग ओढवत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे आग झाल्यावर नुसते पाणी ओतून उपयोग होत नाही, दूध किंवा दही बरे पडते.

सारणाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक चीजचे आणि दुसरे 'पिकाडियो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खिम्याचे, ज्यात टोमॅटो, कांदा, बेदाणे आणि बदाम पडतात. चीजच्या प्रकारात ओआहाका भागातील तार सुटणारे चीज वापरतात. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळचे मोझरेला, कारण दोन्ही चीज कढत पाण्यात ताणून तयार होतात. आपले पनीर वितळत नाही. पण मेक्सिकोतही न वितळणारी ताजी चीजे भरतात, तेव्हा पनीर चुरून, मीठ घालून भरले तर त्यात काही गैर नाही. प्रोसेस्ड चीजचा खारटपणा मात्र मिरचीवर कुरघोडी करतो.

भरलेली मिरची कोरड्या मैद्यात घोळवायची, कारण ओलसर अंगावर पुढचे आवरण धरत नाही. अंड्यांचा पांढरा बलक घट्ट उभा राहीपर्यंत फेटून त्यात पिवळा बलक आणि चिमूटभर मीठ हलक्या हाताने मिसळायचे, मिरची देठाला धरून त्यात बुडवायची आणि तेलात सोडायची. वरच्या बाजूवर झाऱ्याने गरम तेल उडवत राहिले की आवरण ढगासारखे फुगते. अंडी न खाणाऱ्यांनी हे आवरण सरळ वगळावे आणि सोललेली, भरलेली मिरची तशीच रश्शात सोडावी. अंड्याऐवजी बेसन लावले की ती उत्तम भजी होईल, पण मग तिला भजीच म्हणावे.

हा रस्सा, ज्याला तिथे 'काल्दियो' म्हणतात, टोमॅटोचा आणि पातळ असतो. पिकलेले टोमॅटो, कांदा आणि लसूण बारीक वाटून, गाळून, थोड्या कढत तेलात ओततात. मग त्यात पाणी किंवा सूप घालून उकळतात. तळलेली मिरची वाढण्याआधी काही मिनिटे त्यात ठेवली की आवरण रस्सा पिऊन मऊ होते. तळलेला पदार्थ कुरकुरीतच हवा, या आपल्या आग्रहाला इथे मुरड घालावी लागते. केचपमधील साखर आणि व्हिनेगर यांना या रश्शात काहीही काम नाही.

आता सुक्या मिरच्यांच्या सॉसकडे वळते, कारण माझ्या मते मेक्सिकन स्वयंपाकाची खरी मातब्बरी तिथे आहे आणि आपल्याकडच्या पाककृतींत त्याची जागा 'मेक्सिकन सीझनिंग'च्या पाकिटाने घेतलेली आहे. तीच पोब्लानो मिरची झाडावर लाल होऊन वाळली की 'आन्चो' होते. तिला मनुकांसारखी किंचित गोडसर चव असते. 'ग्वाहियो' गुळगुळीत सालीची, लालभडक आणि मध्यम तिखट. 'पासिया' लांबट, काळपट. हालापेन्यो नावाची मिरची पिकवून, धुरावर वाळवली की 'चिपोत्ले' बनते. या मिरच्या कोरड्या भाजून, भिजवून, वाटून, गाळून आणि पुन्हा तेलात परतून सॉस केला जातो आणि या पाच पायऱ्यांपैकी प्रत्येकीला कारण आहे.

मिरची ओल्या फडक्याने पुसून, चिरून, बिया झटकून सपाट उघडायची आणि मातीच्या किंवा लोखंडी तव्यावर, ज्याला तिथे 'कोमाल' म्हणतात, उलथन्याने दाबून काही सेकंदच ठेवायची. आतली बाजू किंचित फिकी पडली आणि वास सुटला की उलटायची, पुन्हा तेवढाच वेळ. नाकाला झोंबणारा धूर निघाला म्हणजे मिरची करपली आणि करपलेल्या मिरचीचा कडवटपणा नंतर साखरेनेही झाकला जात नाही. ती सरळ टाकून द्यावी. भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे, वर ताटली दाबून, भिजवतात. वाटताना तेच पाणी घ्यायचे की नाही हे बोट बुडवून चाखून ठरवतात; कडू लागले तर ओतून देतात. सालीसकट भाजलेली लसूण, तव्यावर काळे डाग येईपर्यंत भाजलेला टोमॅटो आणि मिरच्या यांचे एकत्र वाटण चाळणीतून गाळणे आवश्यक असते, कारण सुक्या मिरचीची साल मिक्सरमध्येही पूर्ण वाटली जात नाही.

शेवटची पायरी सर्वांत दुर्लक्षित. खोलगट भांड्यात थोडे तेल किंवा चरबी चांगली तापवून गाळलेले वाटण एकदम ओतायचे. त्या क्षणी जोराने चर्रर्र असा आवाज झाला पाहिजे. आमच्या शेजारीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून, केवळ त्या आवाजावरून, तेल पुरेसे तापले होते की नाही ते सांगत असत. मग सतत ढवळत राहिले की वाटणाचा रंग गडद होतो, कच्चा वास जातो आणि ते भांड्याच्या कडा सोडू लागते. आपल्याकडचा मसाला तेल सुटेपर्यंत परतणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. नेमकी हीच पायरी आपल्या पुरवणीतील कृतीत नव्हती, याचे म्हणूनच अधिक वाईट वाटते.

आन्चो किंवा ग्वाहियोच्या ऐवजी मी बेडगी वापरते. रंग भरपूर, तिखटपणा कमी आणि सुरकुतलेली, पातळ साल. पण तिला आन्चोची गोडी नाही, म्हणून वाटणात दोन-चार मनुका घालते. लवंगी किंवा तत्सम झणझणीत मिरची इथे घेऊ नये, कारण सॉसला अंग येण्याइतक्या मिरच्या घातल्या तर तो खाता येणार नाही आणि खाता येईल इतक्याच घातल्या तर त्याला अंग येणार नाही. हिरव्या साल्साला लागणारे तोमातियो म्हणजे कच्चे टोमॅटो नव्हेत. पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले ते आंबट फळ आपल्या रसभरीच्या कुळातले आहे. ते मिळत नाही, तेव्हा कच्चे टोमॅटो आणि लिंबू यांवर भागवावे आणि कृतीत तसे स्पष्ट लिहावे. ताज्या मिरचीसाठी ढोबळीपेक्षा भावनगरी अधिक योग्य, असे माझे मत आहे. तिचे अंग पातळ असल्यामुळे भाजताना अधिक सावध राहावे लागते, पण तिला मिरचीची चव असते आणि ढोबळीत पाणीच फार.

आपल्या वाचकांना सर्वांत सहज जमेल असा एक प्रकार मात्र कोणत्याच मराठी पुरवणीत माझ्या पाहण्यात आलेला नाही. वेराक्रूझ भागातला 'साल्सा माचा' सुक्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कधी तीळ तेलात तळून, त्याच तेलासह भरड वाटून केला जातो. शेंगदाणा-लसणाच्या चटणीवर वाढलेल्या घरात तो पहिल्या दिवसापासून आपलासा होईल. त्यात योगायोग थोडाच आहे. मिरची आणि शेंगदाणा या दोन्ही गोष्टी अमेरिका खंडांतून आपल्याकडे आल्या आणि मिरची तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. भरल्या मिरचीतले अंडे, चीज, डुकराचे मांस आणि तळणीची चरबी हे सारे स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेले. मिरची आणि टोमॅटो आधीपासून तिथलेच होते. 'अस्सल' या शब्दाचा बाऊ मी त्यामुळेच करत नाही.

या संदर्भात पुएब्लाच्याच 'चिलेस एन नोगादा' या पदार्थाचा उल्लेख करायला हवा. भाजून सोललेल्या पोब्लानोत खिमा, सफरचंद, नाशपाती, पीच, बेदाणे आणि बदाम यांचे सारण भरून, त्यावर ताज्या अक्रोडांचा पांढरा सॉस, डाळिंबाचे दाणे आणि पार्सलीची पाने घालतात. हिरवा, पांढरा आणि लाल हे मेक्सिकोच्या ध्वजाचे रंग. ऑगस्ट १८२१ मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्यासाठीचा कोर्दोबाचा तह करून परतणाऱ्या सेनानी आगुस्तिन दे इतुर्बिदे यांच्या सन्मानार्थ पुएब्लातील ख्रिस्ती मठातल्या जोगिणींनी तो प्रथम केला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिका ती आख्यायिकाच, पण पदार्थ खराखुरा हंगामी आहे. नवे अक्रोड आणि डाळिंबे जुलै ते सप्टेंबर या काळातच एकत्र मिळतात आणि तेवढ्याच काळात तो घरोघरी होतो. त्यावर अंड्याचे आवरण हवे की नको, यावरून पुएब्लातल्या सुस्वभावी माणसांचेही आवाज चढतात. अक्रोडावरचे तपकिरी सालपट काढण्यात सगळे घर कामाला लागते, कारण ते राहिले तर सॉस कडू आणि मळकट होतो. काश्मिरी अक्रोड रात्रभर दुधात भिजवून, सोलून, ताज्या पनीरबरोबर वाटले तर सॉस जमतो आणि डाळिंबाची तर आपल्याकडे वानवाच नाही.

युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक खाद्यसंस्कृतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो काही नाचोंवर ओतलेल्या पिवळ्या सॉसमुळे नव्हे. त्या वारशातले बरेचसे आपल्या स्वयंपाकघरात करता येण्याजोगे आहे.

आपल्याला विनंती एवढीच की, परदेशी पाककृती छापताना मूळ पदार्थात कोणता जिन्नस होता आणि त्याजागी कोणता पर्याय सुचवला आहे, हे दोन्ही नमूद करावे. जागेअभावी काही गाळावेच लागले तर सजावटीच्या सूचना गाळाव्यात, भाजण्या-परतण्याच्या नव्हे. ऑगस्टच्या पुरवणीत 'चिलेस एन नोगादा'ला जागा देता आली तर हंगामही साधेल आणि शाकाहारी घरांसाठी खिम्याऐवजी फळे व सुकामेवा यांच्या सारणाची कृती लिहून पाठवण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, पुणे